काढलेलं परत का येतं?

ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलत्याच नावाचं सर्च पान समोर येतं. काही शोधलं तर पत्त्याच्या पट्टीत क्षणभर एखादं अनोळखी नाव दिसून जातं आणि निकाल तिसऱ्याच ठिकाणी उघडतात. न मागता जाहिरातींचे टॅब उघडतात, कोपऱ्यात व्हायरस सापडल्याचे निरोप येत राहतात. घरच्या कॉम्प्युटरवर हे सुरू झालं की बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो. सेटिंग्जमध्ये जाऊन होमपेज पूर्ववत करायचं, अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाकायचं आणि काम झालं असं समजायचं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की सगळं जसंच्या तसं परत आलेलं असतं. मग कुणी दुकान गाठतं, कुणी दुसरा ब्राउझर टाकून घेतं, आणि पुष्कळ जण त्याच कॉम्प्युटरवर तसंच काम चालू ठेवतात. माझं म्हणणं असं आहे की बदललेलं होमपेज ही या प्रकारातली सर्वांत शेवटची आणि सर्वांत किरकोळ गोष्ट आहे. ते बदल पुन्हा पुन्हा करणारं काहीतरी ब्राउझरच्या बाहेर बसलेलं असतं. ते हललं नाही तोवर ब्राउझरच्या आत केलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही. म्हणून सफाईचा क्रम बाहेरून आत असा हवा, आणि ब्राउझरची पाळी शेवटी यायला हवी.

हे सॉफ्टवेअर इतकं चिवट का असतं, ते त्यामागचा पैसा पाहिल्याशिवाय कळत नाही. आपण जे शोधतो ते स्वतःच्या पानावरून वळवून नेलं की अशा सॉफ्टवेअरच्या मालकाला त्यातून जाहिरातीचं उत्पन्न मिळतं. ते उत्पन्न सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर जितके दिवस टिकेल तितके दिवस मिळत राहतं. त्यामुळे दुसऱ्याच्या इन्स्टॉलरमध्ये आपलं सॉफ्टवेअर घुसवण्यासाठी दर इन्स्टॉलमागे पैसे मोजणारा एक मोठा धंदा उभा राहिला. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६मध्ये या धंद्याचा अभ्यास केला. तेव्हा एका इन्स्टॉलचा दर देशानुसार १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत होता, आणि अशा नको असलेल्या सॉफ्टवेअरबद्दल गूगलची यंत्रणा आठवड्याला ६ कोटींहून जास्त इशारे देत होती. रूढ अर्थाच्या मालवेअरच्या इशाऱ्यांपेक्षा हा आकडा तिप्पट होता. या धंद्यात नावाजलेली ठिकाणंही मागे नव्हती. २०११मध्ये डाउनलोड डॉट कॉमने एनमॅप या मोफत साधनाला स्वतःचं वेष्टन घालून त्यातून टूलबार वाटला आणि लोकांची सर्च सेटिंग्ज बदलली. एनमॅपच्या कर्त्याने तेव्हा जाहीर निषेध केला होता. सोर्सफोर्जने २०१५मध्ये गिंप या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रॅमबाबत असाच प्रकार केला. ओरॅकलचा जावा कित्येक वर्षं आस्क टूलबारची आधीच टिक केलेली चौकट घेऊन येत असे.

भारताचा संबंध यात वरवरचा नाही. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जून २०१७मध्ये 'फायरबॉल' नावाच्या प्रकाराची माहिती प्रसिद्ध केली. बीजिंगची राफोटेक ही जाहिरात कंपनी त्यामागे होती. तिची मोफत सॉफ्टवेअरं घेतली की त्यांच्यासोबत फायरबॉल यायचा, होमपेज आणि सर्च इंजिन बदलायचा आणि आपले शोध स्वतःच्या नकली पानांवरून पुढे पाठवायचा. चेक पॉइंटच्या अंदाजानुसार जगभरातल्या २५ कोटी कॉम्प्युटरांत तो पोहोचला होता आणि त्यातले सर्वाधिक, अडीच कोटींच्या वर, भारतात होते. हा आकडा फुगवलेला आहे असं मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितलं आणि तो आक्षेप मला दखल घेण्याजोगा वाटतो. पण वाद संख्येपुरता होता. फायरबॉलला त्या कॉम्प्युटरवर हवा तो प्रोग्रॅम आणून चालवता येत होता, हा मुद्दा त्या वादाने खोटा ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमी एकच असतो: घरात अँटिव्हायरस आहे, मग चिंता कशाला? अडचण अशी की हे सॉफ्टवेअर चोरपावलांनी येत नाही, आपण 'नेक्स्ट' दाबतो त्या वाटेने येतं. इन्स्टॉलरच्या बारीक अक्षरांतल्या अटींत त्याचा उल्लेख असतो आणि त्याचे मालक त्या उल्लेखाला संमती म्हणतात. ते कोर्टापर्यंतही जातात. झँगो या कंपनीने आपलं सॉफ्टवेअर अडवल्याबद्दल कॅस्परस्कीवर अमेरिकेत दावा लावला होता. २००९मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. अशा दाव्यांमुळे अँटिव्हायरस कंपन्या या प्रकाराला सरळ व्हायरस न म्हणता 'संभाव्य नकोसं' अशा वेगळ्या गटात टाकतात. तो गट अडवायचा की नाही हे कितीतरी वर्षं वापरणाऱ्यावर सोपवलेलं होतं. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरमध्येही हे अडवणं मुळातच चालू ठेवायला ऑगस्ट २०२१मध्ये सुरुवात झाली. तुमच्या कॉम्प्युटरवर ते चालू आहे का, हे आज दोन मिनिटांत पाहता येईल. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जा आणि तिथल्या 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन'खालची नको असलेली ॲप्स अडवणारी चौकट पाहा. तिथे ॲप्स आणि डाउनलोड या दोन्हींवर टिक असायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त घातक आहे. जाहिराती तर दिसतात, दिसू देत, त्यात काय बिघडलं? लेनोवोने २०१४च्या सप्टेंबरपासून काही महिने आपल्या घरगुती लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचं सॉफ्टवेअर आधीच घालून विकलं. त्याचंही काम जाहिराती दाखवण्याचंच होतं. पण कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसच्या, पानांतही जाहिराती घालता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवलं होतं, आणि त्याची गुप्त किल्ली प्रत्येक लॅपटॉपवर एकच होती. फेब्रुवारी २०१५मध्ये एका संशोधकाने ती किल्ली बाहेर काढून तिचा पासवर्डही शोधला. याचा अर्थ असा की सार्वजनिक वायफायवर बसलेल्या कुणालाही त्या लॅपटॉपपुढे बँकेचं खोटं पान खऱ्या कुलपासह उभं करता आलं असतं. जाहिरातीचं सॉफ्टवेअर म्हणून जे आलं त्याने घराचं दारच उघडं टाकलं होतं. आपल्याकडचा धोका त्याहून साधा आणि रोजचा आहे. शोधाचे निकाल ज्याच्या हातात, त्याच्या हातात आपण कोणत्या पानावर जाणार हेही असतं. सातबारा, दहावीचा निकाल, गॅसचं बुकिंग, बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक हे सगळं आपण शोधूनच गाठतो. ग्राहक सेवेचा खोटा क्रमांक वर दाखवून पैसे काढून घेण्याचे गुन्हे आपल्याकडे सतत घडतात. वळवलेल्या सर्चमुळे अशा क्रमांकापर्यंत पोहोचणं आणखी सोपं होतं. म्हणून माझा आग्रह आहे की शंका आली त्या क्षणापासून त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम बंद करावं. ते फोनवरून, घरचा वायफाय बंद ठेवून, मोबाइल डेटावर करावं. पैसे आधीच गेले असतील तर सफाई बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे वेळेला फार किंमत आहे.

आता प्रत्यक्ष काम. आधी रोग ओळखावा, कारण व्हायरसच्या नावाने घाबरवणारे कोपऱ्यातले कित्येक निरोप कुठल्याही सॉफ्टवेअरमुळे येत नसतात. एखाद्या पानाने 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' असं सांगितलेलं असतं, आपण दाबलेलं असतं, आणि त्या दिवसापासून त्या पानाला आपल्या पडद्यावर निरोप पाठवायची मुभा मिळालेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स' असं गेलं की परवानगी मिळालेल्या पानांची यादी दिसते. अनोळखी नावं काढली की हा त्रास तिथेच संपतो. अशा वेळी घाबरून पाच प्रकारची साधनं उतरवणाऱ्याचं नुकसानच जास्त होतं.

त्याने भागलं नाही, तर हात घालण्याआधी ब्राउझरचा सिंक बंद करायला हवा. ही पायरी हमखास राहून जाते. आपण क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन केलेलं असतं, त्यामुळे एक्स्टेन्शन आणि सेटिंग्ज खात्यात साठतात आणि त्याच खात्याच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर उतरतात. इथे काढलेलं एक्स्टेन्शन मुलाच्या लॅपटॉपवर शिल्लक असेल, तर ते खात्यातून पुन्हा इथे येऊ शकतं. सिंक थांबवल्यावर ब्राउझर बंद करावा आणि विंडोजच्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये जाऊन यादी तारखेप्रमाणे लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय काय आलं ते एकाखाली एक दिसतं. पीडीएफ बदलणारं काहीतरी, व्हिडिओ उतरवणारं काहीतरी, 'पीसी फास्ट' करणारं काहीतरी, आणि त्यांच्यासोबत एकाच दिवशी उतरलेली अनोळखी नावं. ती काढताना येणाऱ्या खिडक्या नीट वाचाव्यात. 'ठेवा' आणि 'काढा' ही बटणं मुद्दाम उलटसुलट मांडलेली असतात, आणि जाता जाता आणखी काही टाकून घ्यायचा प्रस्तावही असतो.

प्रोग्रॅम गेला तरी त्याने मागे ठेवलेली कामं राहतात, आणि काढलेलं परत येण्याचं खरं कारण बहुधा इथेच सापडतं. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये ठरावीक वेळी किंवा प्रत्येक लॉगिनला चालायचं काम नोंदवता येतं. त्या नोंदीतून होमपेज पुन्हा बदललं जातं, नाहीतर काढलेला प्रोग्रॅम पुन्हा उतरवला जातो. यादीतली नोंद कोणती फाइल चालवते हे 'ॲक्शन्स'मध्ये दिसतं. अर्थहीन अक्षरांच्या नावाची फाइल, तीही 'ॲपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरमधली असेल, तर ती नोंद आधी फक्त बंद करावी, लगेच पुसू नये. अंदाज चुकला तर परत चालू करता येते. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप'लाही हाच नियम. मग ब्राउझरचा शॉर्टकट पाहावा. त्यावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेलं की 'टार्गेट'ची ओळ असते. ती बहुधा ब्राउझरच्या फाइलच्या नावाशी संपते. त्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर सेटिंग्जमध्ये काहीही ठेवलं तरी त्या शॉर्टकटवरून तीच साइट उघडणार. डेस्कटॉपवरचा आणि टास्कबारवरचा शॉर्टकट वेगळे असतात, म्हणून दोन्ही पाहावेत.

काही वेळा एक्स्टेन्शनपुढचं काढायचं बटणच निकामी केलेलं असतं आणि क्रोमच्या मेनूच्या तळाशी हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. घरच्या कॉम्प्युटरवर कुठली संस्था? कार्यालयांना आपल्या कॉम्प्युटरांवर नियम लावता यावेत म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत एक सोय आहे. हायजॅकर, म्हणजे ब्राउझर बळकावणारं हे सॉफ्टवेअर, तीच सोय वापरून स्वतःचं एक्स्टेन्शन सक्तीचं करतो. पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम://पॉलिसी' हे रोमन अक्षरांत टाइप केलं की कोणते नियम लागू आहेत ते समोर येतं. मात्र ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर ती ओळ रास्त असते आणि तिथे हात लावू नये. काही अँटिव्हायरसही हीच सोय वापरतात, तेव्हा नियमाचं नाव वाचूनच निर्णय घ्यावा. सक्तीच्या एक्स्टेन्शनचा नियम दिसला, तर रजिस्ट्रीत 'सॉफ्टवेअर', 'पॉलिसीज', 'गूगल', 'क्रोम' या वाटेवर तो सापडतो. तो संपूर्ण कॉम्प्युटरच्या विभागात असू शकतो किंवा चालू वापरकर्त्याच्या. पुसण्याआधी तो भाग 'एक्स्पोर्ट' करून ठेवावा. रजिस्ट्रीची ओळख नसलेल्याने हे काम जाणत्या माणसाला शेजारी बसवून करावं, असं मी निक्षून सांगेन.

दुसरा ब्राउझर घेऊन का भागत नाही, याचं उत्तर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये आहे. विंडोजच्या 'प्रॉक्सी' पानावर प्रॉक्सी सर्व्हर किंवा सेटअप स्क्रिप्ट चालू असेल, तर बहुतेक ब्राउझरांचा मजकूर त्या मध्यस्थाकडून जातो. घरगुती जोडणीला बहुधा या दोन्हींची गरज नसते. 'सिस्टिम३२'मधल्या 'ड्रायव्हर्स' आणि 'ईटीसी' फोल्डरात 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल असते. तिथे ओळखीच्या साइटच्या नावाआधी परका क्रमांक लिहिलेला असेल, तर ती साइट कोणत्याही ब्राउझरमधून चुकीच्याच जागी उघडेल. त्याच्याही पुढचा थर डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा क्रमांक सांगणाऱ्या सर्व्हरचा. एस्टोनियातल्या एका टोळीने 'डीएनएसचेंजर'मधून १०० हून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरांची ही सेटिंग्ज बदलली आणि जाहिरातींतून १ कोटी ४० लाख डॉलर कमावले. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११मध्ये ती टोळी उघडी पाडली. पण टोळीचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्या लाखो घरांचं इंटरनेटच थांबलं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्यांच्या जागी चांगले सर्व्हर ९ जुलै २०१२पर्यंत चालवावे लागले. त्या मालवेअरला राउटरचा कारखान्यातला पासवर्ड वापरून राउटरमध्येही बदल करता येत होता. घरातल्या फोनवरही त्याच वायफायवर विचित्र पानं उघडत असतील आणि मोबाइल डेटावर उघडत नसतील, तर दोष राउटरमध्ये शोधावा. त्याचं डीएनएस पूर्ववत करावं आणि मूळचा पासवर्ड बदलावा.

एवढं झाल्यावर स्कॅन. मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर हे मोफत साधन नेमकं याच प्रकारासाठी आहे. डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालतं, म्हणून चालू प्रोग्रॅमला त्यापासून लपणं अवघड जातं. भारत सरकारच्या सर्ट-इनने २०१७मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रावर पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांची मोफत साधनंही ठेवलेली असतात. क्रोममध्ये पूर्वी सफाईचं साधन होतं आणि जुने लेख अजून ते वापरायला सांगतात. गूगलने ते मार्च २०२३मध्ये काढून टाकलं. ही साधनं त्याच बिघडलेल्या कॉम्प्युटरवर शोधून उतरवू नयेत. हे मी जोर देऊन सांगतो, कारण हायजॅकरचं नाव शोधणाऱ्या घाबरलेल्या माणसासाठीही एक बाजार मांडलेला आहे. हायजॅकरच्या नावाने पान, खाली ओळखीच्या पायऱ्या, आणि मध्ये पैसे मागणाऱ्या 'स्कॅनर'चं मोठं बटण. शिवाय तुमचे निकाल ठरवतोय तो हायजॅकरच. साधन दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मूळ कंपनीच्या साइटवरून उतरवावं आणि पेनड्राइव्हने आणावं. पडद्यावर झळकणाऱ्या मदत क्रमांकावर कधीच फोन करू नये आणि कुणा अनोळखी माणसाला रिमोट ॲपने आत घेऊ नये. त्यानंतर ब्राउझर त्याच्याच सेटिंग्जमधून मूळ स्थितीत न्यावा. क्रोममध्ये यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड शाबूत राहतात, एक्स्टेन्शन बंद होतात.

एवढा व्याप करण्यापेक्षा फॉरमॅट मारून मोकळं व्हावं, असं दुकानदार सांगतो. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा विंडोज चालू करून देणारा 'ॲक्टिव्हेटर' घरात चालवला गेला असेल, तर मीही फॉरमॅटच सुचवेन, कारण अशा फाइलींसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येतात आणि तिथे जाहिराती हा सर्वांत लहान त्रास असतो. पण फॉरमॅटलाही क्रमातून सुटका नाही. साइन इन केलं की सिंकमधून तेच एक्स्टेन्शन येतं. 'सेटअप' नावाच्या फोल्डरातले जुने इन्स्टॉलर बॅकअपमधून परत आणले की तोच प्रकार पुन्हा सुरू. राउटर तर फॉरमॅट झालेलाच नसतो. बॅकअपमध्ये फोटो आणि कागदपत्रं घ्यावीत, इन्स्टॉलर घेऊ नयेत, आणि खात्यात साठलेला सिंकचा मजकूर आधी पुसावा. फॉरमॅट असो वा सफाई, पासवर्ड बदलायचे ते त्यानंतर किंवा दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करून. चोरलेली चालू लॉगिनं नुसत्या नव्या पासवर्डने बंद होतीलच असं नाही.

मूळ कंपनीच्या साइटवरूनच उतरवतो, एक्स्टेन्शनही गूगलच्या अधिकृत दुकानातूनच घेतो, मग आम्हाला काय धोका, असंही विचारलं जातं. ही सवय चांगली आहे, पण पुरेशी नाही. वापरात नसलेले टॅब झोपवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' हे एक्स्टेन्शन लाखो लोक वर्षानुवर्षं वापरत होते. २०२०मध्ये त्याच्या कर्त्याने ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने मालवेअर म्हणून ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात काहीही नवं उतरवलं नव्हतं. मालक बदलला आणि अपडेट आपोआप आला. 'सर्व साइटवरचा मजकूर वाचणं आणि बदलणं' ही परवानगी ज्या एक्स्टेन्शनकडे आहे, ते आजच्या मालकाच्या हाती सुरक्षित असलं तरी उद्याच्या मालकाबद्दल तुम्ही काहीच ठरवलेलं नसतं. म्हणून अशी परवानगी असलेली एक्स्टेन्शन मोजकी ठेवावीत, बाकीच्यांना 'क्लिक केल्यावरच' एवढीच मुभा द्यावी. घरात रोजच्या कामासाठी ॲडमिन नसलेलं खातं असावं. मुलांना गेम टाकताना दर वेळी पासवर्ड मागावा लागतो ही तक्रार खरी आहे, पण त्या खिडकीपाशी मोठ्या माणसाला बोलवावं लागणं हाच त्या खात्याचा उपयोग आहे.

सफाई झाल्यावर कॉम्प्युटर एकदा नव्हे, दोनदा तरी पूर्ण बंद करून सुरू करावा आणि दर वेळी होमपेज, सर्च इंजिन, एक्स्टेन्शनची यादी, शॉर्टकटचं टार्गेट आणि प्रॉक्सीचं पान पाहावं. शेड्यूलरमधली नोंद आठवड्यातून एकदा चालणारीही असू शकते, तेव्हा हेच सगळं आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहावं, आणि सिंक तोवर बंदच ठेवावा.